फाशीचा निकाल आला की तो वाचायचा कसा

एखाद्या भयंकर केसचा निकाल लागतो, टीव्हीवर "नराधमाला फाशी" अशी पट्टी फिरायला लागते आणि अर्ध्या तासात सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडतो. त्या रागाबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, पोरीबाळींचं जे झालेलं असतं ते वाचून कुणाचंही डोकं फिरेल. पण ज्या निकालावर आपण टाळ्या वाजवतो तो आपल्यातल्या एकानेही वाचलेला नसतो, आणि ही अशी एकमेव शिक्षा आहे की चुकली तर दुरुस्त करता येत नाही. मी फाशीच्या विरोधात आहे हे आधीच सांगून टाकते. तुम्ही बाजूने असलात तरी खालचं सगळं तुमच्या कामाचं आहे, उलट जास्तच आहे, कारण माणूस मारा म्हणणाऱ्याने तरी कागद बघितलेच पाहिजेत ना. वकील असायची गरज नाही, चिकाटी पाहिजे आणि थोडं इंग्रजी वाचता आलं पाहिजे.

सगळ्यात आधी हे बघा की निकाल कुठल्या कोर्टाचा आहे. बातमीत नुसतं "कोर्टाने फाशी दिली" असतं. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येऊच शकत नाही, आरोपीने अपील केलं नाही तरी फाईल आपोआप हायकोर्टात जाते. त्यानंतर सुप्रीम कोर्ट, मग पुनर्विचार याचिका, मग क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे त्याच कोर्टाला आपली चूक सुधारायची शेवटची विनंती, आणि राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. लोक म्हणतात एवढे लाड कशाला. तर त्याचं कारण आकड्यात आहे. २००० ते २०१५ या काळात खालच्या कोर्टांनी दिलेल्या फाशींचं पुढे काय झालं ते दिल्लीच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीच्या लोकांनी तपासलं, तेव्हा जेमतेम ५ टक्के फाशी शेवटपर्यंत टिकल्या होत्या आणि साधारण ३० टक्के माणसं चक्क निर्दोष सुटली होती, बाकीच्यांची शिक्षा कमी झाली. म्हणजे पहिल्या दिवशी ज्या बातमीवर आपण पेढे वाटतो त्यातल्या दहापैकी तीन केसमध्ये पुढे कोर्टच म्हणतं की गुन्हा शाबीत झाला नाही. इतका मोठा फरक असेल तर पहिल्या निकालाला शेवटचा शब्द समजायचं नाही, एवढं तरी पाळा.

आता निकाल मिळवायचा. ई-कोर्ट्सच्या साइटवर आरोपीच्या नावाने, केस नंबरने किंवा सीएनआर नंबरने (प्रत्येक केसला मिळणारा वेगळा ओळख नंबर) शोधता येतं, हायकोर्टाचा असेल तर बॉम्बे हायकोर्टाच्या साइटवर आणि सुप्रीम कोर्टाचा असेल तर त्यांच्या साइटवर फुकट मिळतो, इंडियन कानून या साइटवर तर नुसता शब्द टाकूनही सापडतो. सुप्रीम कोर्टाचे बरेच निकाल आता मराठीत भाषांतर होऊन येतात, भाषा जरा जड असते पण चालतं. शंभर दोनशे पानं बघून घाबरू नका. सुरुवातीची वकिलांची नावं आणि कलमांची यादी सोडून द्या, थेट "फिर्यादी पक्षाची हकीकत" वाचा आणि मग साक्षीदार. पीडब्ल्यू १, पीडब्ल्यू २ असं लिहिलेलं असतं ते सरकारी साक्षीदार. एक कागद घ्या, साक्षीदार कोण, त्याने काय पाहिलं म्हणतो, आणि पोलिसांना पहिल्यांदा कधी सांगितलं, एवढं लिहित जा. तारखा तर नक्की लिहा, केसचा अर्धा जीव तारखांत असतो.

ओळख पटवणं हा भाग सावकाश वाचायचा, आणि तो का ते मी महाराष्ट्रातल्याच एका केसवरून सांगते, कारण ती माझ्या डोक्यातून जात नाही. जून २००३ मधली गोष्ट. पेरूच्या बागेत झोपडीत राहणारं एक कुटुंब, रात्री दरोडा पडला, पाच जणांना मारलं, बाई आणि लहान मुलीवर बलात्कार झाला. घरातली एक बाई जबर जखमी होऊन वाचली. पुढे भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले, २००६ मध्ये सहाही जणांना फाशी, हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली, आणि २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या तिघांनाही परत फाशी दिली. म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने सहा जणांच्या मरणावर सही केली. आता बघा काय दडलं होतं. घटनेनंतर दोनच दिवसांनी त्या वाचलेल्या बाईने पोलिसांच्या अल्बममधले फोटो बघून चार माणसं ओळखली होती, रेकॉर्डवरचे गुन्हेगार. हे सहा जण त्यात नव्हतेच! त्या चौघांना कुणी पकडलं नाही, त्यांचा तपास झाला नाही, आणि सरकार पक्षाने ही गोष्ट कोर्टासमोर नीट येऊच दिली नाही. मग नंतर ओळख परेडमध्ये हे सहा "ओळखले" गेले.

हे उघड कसं झालं तर २०१४ मध्ये घटनापीठाने एक नियम केला की फाशीच्या केसची पुनर्विचार याचिका बंद खोलीत नुसते कागद फिरवून निकाली काढायची नाही, तीन न्यायाधीशांनी खुल्या कोर्टात ऐकायची. त्यामुळे ही केस परत उघडली, आणि ५ मार्च २०१९ ला सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला सांगितलं आणि तपासात गडबड करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करा म्हटलं. सोळा वर्षं आत होते. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. तो नियम २०१४ ऐवजी २०२० ला आला असता तर? आणि दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल कुणी बोलतच नाही, त्या बाईने ज्या चौघांवर बोट ठेवलं ते कुठे गेले? तिच्या घरातली माणसं मेली, तिने सांगितलं कोण होते, आणि व्यवस्थेने तिचंही ऐकलं नाही. चुकीच्या माणसाला फाशी म्हणजे पीडितेला न्याय असं ज्यांना वाटतं त्यांनी ही केस एकदा पूर्ण वाचावी.

तर तुमच्या कागदावर हे प्रश्न लिहून ठेवा. साक्षीदाराने आरोपीला आधी कधी पाहिलं होतं का, रात्र होती तर उजेड कसला होता, ओळख परेड अटकेनंतर किती दिवसांनी झाली आणि मधल्या काळात पेपरात किंवा टीव्हीवर आरोपीचा फोटो आला होता का. साक्षीदार उशिरा उगवला असेल तर का. मुंबईच्या लोकलमधल्या ११ जुलै २००६ च्या स्फोटांच्या केसमध्ये आरोपींना गाडीतून नेलं म्हणणारे टॅक्सीवाले शंभराहून जास्त दिवसांनी पुढे आले, आणि एवढ्या दिवसांनी चेहरा लक्षात राहायला काही खास कारण होतं का, हा साधा प्रश्न शेवटी हायकोर्टाला विचारावा लागला.

मग कबुलीजबाब. पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही हा आपल्याकडचा जुना आणि शहाणा नियम आहे, तो नव्या कायद्यातही ठेवलाय. पण मकोकात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या महाराष्ट्राच्या खास कायद्यात, वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरची कबुली चालते, म्हणून मकोकाची केस असेल तर दुप्पट लक्ष देऊन वाचा. लोकल स्फोटांच्या केसमध्ये २०१५ ला बारा जण दोषी ठरले, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप, आणि त्यात कबुलीजबाबांवर मोठा भार होता. २१ जुलै २०२५ ला बॉम्बे हायकोर्टाने बाराही जणांना सोडलं. वेगवेगळ्या माणसांच्या कबुलीतला मजकूर एकमेकांच्या कॉपीसारखा होता आणि मारहाण झाल्याचं म्हणणं कोर्टाला खरं वाटलं. फाशी झालेल्या पाचातला एक नागपूरच्या जेलमध्ये २०२१ मध्ये कोविडने वारला, त्याला हा निकाल कळलाच नाही. आणि १८० हून जास्त माणसं गेलेल्या घरांचं काय? मला तर हे वाचून सुन्न व्हायला झालं, कारण एकोणीस वर्षांनी त्यांच्या हातात काहीच नाही, ना माणूस ना उत्तर.

मॅजिस्ट्रेटसमोरची कबुली असेल तर ती डोळे झाकून खरी मानायची का? नाही. माणूस त्याआधी किती दिवस पोलीस कोठडीत होता ते बघा. निठारीच्या केसमधला सुरेंद्र कोली आठवतोय ना, नोएडाच्या बंगल्यातला नोकर, नाल्यात सांगाडे सापडले होते, अख्खा देश त्याला राक्षस म्हणत होता, मीपण म्हणत होते. त्याची कबुली सलग साठ दिवस पोलीस कोठडीत ठेवल्यानंतरची होती. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याची फाशी इतकी जवळ आली होती की सुप्रीम कोर्टाने मध्यरात्रीनंतर स्थगिती दिली. पुढे अलाहाबाद हायकोर्टाने २०२३ मध्ये बारा केसमधून त्याला सोडलं, उरलेल्या एका केसमध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने क्युरेटिव्ह याचिकेवर सोडलं, खंडपीठावर आपले अमरावतीचे तेव्हाचे सरन्यायाधीश गवई होते. त्या रात्री स्थगिती मिळाली नसती तर पुढच्या अकरा वर्षांतला एकही निकाल ऐकायला तो नसता, आणि आपण सगळे "बरं झालं" म्हणून विसरून गेलो असतो.

जप्तीचा पंचनामा वाचताना पंच कोण आहेत ते बघा. कोर्टात वावरणाऱ्यांना "स्टॉक पंच" हा प्रकार चांगला माहीत असतो, तोच माणूस त्याच पोलीस ठाण्याच्या केसमागून केसमध्ये पंच. आरोपीने "दाखवून दिलेली" हत्यारं उघड्या जागेवरून, सगळ्यांचा वावर असलेल्या ठिकाणाहून निघाली असतील तर त्याची किंमत कमी. सीए रिपोर्ट म्हणजे केमिकल ॲनालायझरचा रिपोर्ट, आणि डीएनए. डीएनए जुळला की संपलं असं आपल्याला वाटतं. पण नमुना कधी घेतला, सील कुणी केलं, मुद्देमाल खोलीत किती दिवस पडून होता, लॅबला कधी पोचला, या तारखा जुळल्या पाहिजेत. दिल्लीच्या छावला केसमध्ये, म्हणजे एका मुलीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या केसमध्ये, फाशी झालेल्या तिघांना सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडलं, त्यात नमुने बरेच दिवस पोलीस ठाण्यातच पडून होते हा एक मुद्दा होता. त्या मुलीच्या आईवडिलांचा आक्रोश सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. तो आक्रोश खरा होता आणि तपास ढिसाळ होता, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

डोळ्याने पाहिलेला साक्षीदार नसेल, सगळं परिस्थितीजन्य असेल, तर पुण्याची सारडा केस माहीत असायलाच हवी. १९८२ मध्ये एका नवविवाहितेचा विषाने मृत्यू, नवऱ्याला पुण्याच्या कोर्टाने फाशी दिली, हायकोर्टाने कायम केली, आणि १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सोडलं, कारण तिने आत्महत्या केली असण्याची शक्यता पुराव्याने बाजूला सारलेली नव्हती. तिथे जे पाच नियम सांगितले त्यांना वकील लोक पंचशील म्हणतात. सामान्य माणसाला लक्षात ठेवायला त्यातला गाभा पुरे, की प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे शाबीत झाला पाहिजे, आणि सगळे दुवे जोडल्यावर आरोपीनेच केलं याशिवाय दुसरा कुठलाच अर्थ निघता कामा नये. "दुसरं कोण करणार" हा पुरावा नाही. निकाल वाचताना मी मुद्दाम दुसरी गोष्ट रचून बघते, तेच पुरावे घेऊन वेगळी हकीकत सांगता येते का, आणि येत असेल तर तिथे पेन्सिलने खूण करते. तुम्हीही करून बघा, एकदा सवय लागली की बातमी वाचायची पद्धतच बदलते.

वय. याकडे कुणी बघत नाही आणि इथेच मोठा घोळ होतो. १९९४ मध्ये पुण्यात एका घरात पाच बायका आणि दोन मुलं मारली गेली, त्या बायकांतली एक गरोदर होती, पुणेकर अजून ती केस विसरलेले नाहीत. फाशी झाली, २००० मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत कायम झाली. आरोपीचं वय कागदोपत्री वीसच्या पुढे लावलेलं. राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेचं रजिस्टर होतं, त्यात जन्मतारीख होती आणि नावही जरा वेगळं होतं. ते रजिस्टर कोर्टात नीट तपासलं जाऊन, हाच तो मुलगा हे पक्कं व्हायला मार्च २०२३ उजाडलं. घटनेच्या वेळी वय १२ वर्षं ६ महिने. अठ्ठावीस वर्षं आत, त्यातली बहुतेक फाशीच्या छायेत. इथे तो निर्दोष आहे असं कोर्ट म्हणालं नाही, हे लक्षात घ्या, पण साडेबारा वर्षांच्या पोराला आपला कायदा तीन वर्षांपेक्षा जास्त बंद ठेवू शकत नाही, आणि आपण त्याला लटकवायला निघालो होतो. गरीब, स्थलांतरित, कागदपत्रं नसलेला आरोपी दिसला की निकालात वय कशावरून ठरवलंय ते शोधाच.

दोषी ठरवल्यानंतर शिक्षेवरची सुनावणी वेगळी असते, निकालाच्या शेवटची काही पानं. १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून नियम आहे की फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ केसमध्ये, आणि गुन्ह्यासोबत माणूसही बघायचा, म्हणजे त्याचं लहानपण, मानसिक आजार, सुधारण्याची शक्यता. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही माहिती खालच्या कोर्टानेच गोळा करायची, जेलमधलं वागणं, मानसिक स्थितीचा अहवाल सगळं मागवायचं. तर बघा, सुनावणी दोषी ठरवल्याच्याच दिवशी उरकलीय का, आरोपीबद्दल किती ओळी आहेत. कित्येकदा दीड परिच्छेद असतो आणि त्यातही "समाजाचा आक्रोश" जास्त. राजस्थानातल्या रावजीला १९९६ मध्ये फाशी दिली. २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच बरियार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की रावजीच्या निकालात फक्त गुन्हा बघितला, माणूस बघितलाच नाही, आणि तो निकाल बच्चन सिंगच्या विरोधात होता. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली की याच चुकीच्या पायावर शिक्षा झालेल्या तेरा जणांची फाशी रद्द करा. रावजीसाठी कुणी काय लिहिणार, त्याला जाऊन सोळा वर्षं झाली होती.

आता ग्रुपवर बोलायचं कसं, कारण खरी पंचाईत तिथे आहे. "तुझ्या घरात झालं असतं तर?" हा प्रश्न येतोच. मी सरळ उत्तर देते, झालं असतं तर मलाही कदाचित जीव घ्यावासा वाटला असता, आणि म्हणूनच निकाल माझ्या हातात नसतो. वर हेही विचारते की माझ्या घरात झालं असतं तर मला खरा माणूस पकडलेला हवा असता की लवकर सापडलेला कुणीतरी? यावर सहसा लोक थांबून विचार करतात. "जेलमध्ये फुकट का पोसायचं" म्हणणाऱ्यांना त्या सहा मजुरांची केस पाठवा. "फाशीशिवाय धाक बसत नाही" म्हणणाऱ्यांना सांगा की २०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीने बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नव्हती, आणि विधी आयोगाने २०१५ च्या २६२ व्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध सोडून बाकी सगळ्या गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करा असं म्हटलं, जन्मठेपेपेक्षा फाशीचा धाक जास्त असतो याला आधार नाही म्हणून. बलात्काराच्या बहुतेक केसमध्ये आरोपी ओळखीतला असतो, काका, मामा, शेजारी, आणि फाशी होणार म्हटल्यावर घरचेच पोरीचं तोंड दाबतात. हा मुद्दा बायकांना लगेच पटतो.

एन्काउंटरवर टाळ्या वाजत असतील तर हैदराबादची केस सांगा. डिसेंबर २०१९ मध्ये बलात्कार आणि खुनाच्या चौघा आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या, फुलं उधळली गेली, आणि नंतर न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने ती चकमक खोटी ठरवली. तिथे तर वाचायला निकालसुद्धा नाही.

भांडू मात्र नका, आणि पीडितेच्या घरच्यांबद्दल एक शब्दही वाकडा जाऊ देऊ नका. पीडितेचं नाव, फोटो फॉरवर्ड करणं गुन्हा आहे, ते कुणी टाकलं तर आधी ते काढायला लावा. आरोपीचा फोटोसुद्धा ओळख परेडच्या आधी फिरवू नका, उद्या बचावाचा वकील हेच म्हणणार की साक्षीदाराने चेहरा मोबाईलवर पाहिला होता, आणि खरा गुन्हेगार असेल तर तोही यामुळेच सुटू शकतो.

शेवटी केस सोडू नका. मोबाईलमध्ये सीएनआर नंबर सेव्ह करा, दोन-चार महिन्यांनी ई-कोर्ट्सवर पुढची तारीख बघा, हायकोर्टाचा निकाल आला की ज्या ग्रुपवर फाशीची बातमी पडली होती तिथेच टाका, फाशी कायम झाली असेल तरी टाका. लोकल स्फोटांच्या निकालावर राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय, सुटलेल्यांना परत जेलमध्ये पाठवायचं नाही पण हायकोर्टाचा निकाल इतर मकोका केसमध्ये दाखला म्हणून वापरायचा नाही असं सुप्रीम कोर्टाने २४ जुलै २०२५ ला सांगितलं. त्या अपिलाचा निकाल लागेल तेव्हा परत टीव्हीवर पट्टी फिरेल, तोवर हायकोर्टाचा निकाल वाचून ठेवा, शेकडो पानं आहेत, रोज दहा-पंधरा वाचली तरी होतात.